आधी खून, मग अस्वल

नमस्कार श्रोतेहो. विनी द पू हे अस्वल तुमच्या घरी असणारच, नातवाच्या दप्तरावर नाहीतर टॉवेलवर. ते लिहिलं ए. ए. मिल्ननं. याच मिल्ननं खुनाची कादंबरी लिहिलीय. हो, खुनाची. 'द रेड हाउस मिस्टरी', साल 1922. अस्वलाचं पुस्तक आलं 1926 मध्ये. म्हणजे आधी खून, मग अस्वल.

मला ती नववीत मिळाली, पेठेतल्या वाचनालयात, बालविभागाच्या कपाटात! लेखकाचं नाव वाचलं नि ठेवलं; उघडून बघतंय कोण? (कपाटाला कुलूप लावणाऱ्या वाचनालयांवर मला एकदा अख्खा अर्धा तास हवाय.)

सोलापूरचा मे, वर तापलेला पत्रा. आमचं घर पूर्वभागात. आजी आणि शेजारच्या मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. मी एक पान वाचायचो नि मराठीत सांगायचो. रहस्यकथा साध्या भाषेतच लिहावी असं मिल्नचं मत, म्हणून माझं नववीचं इंग्रजी पुरलं.

गोष्ट अशी. मार्क अ‍ॅबलेट हा श्रीमंत माणूस. त्याचा वाया गेलेला भाऊ पंधरा वर्षांनी ऑस्ट्रेलियाहून येतो. बंद खोलीत गोळीचा आवाज. भाऊ मेलेला, मार्क गायब.

आजीची कात्री थांबली.

"मेला त्यो भाऊच, हे कुणी सांगितलं?"

"घरातल्यांनी."

"त्यास्नी आधी कधी बघितलंवतं का त्येला?"

"नाही."

"मग? आपल्याकडं मयत ताब्यात द्यायची तर धा जणांना इच्यारत्यात."

मावशी म्हणाल्या, "आक्का, पोराला वाचू द्या की."

आजीनं पुढचं पान कापायला घेतलं. "वाच. पण पोलीस येडं हाय."

पुष्कळ वर्षांनी रेमंड चँडलरचा 1944 चा लेख हाती आला. हा अमेरिकेतला नावाजलेला रहस्यकथाकार. त्यानं या कादंबरीतल्या चुका ओळीनं मांडल्यात. पहिली कोणती? प्रेताची रीतसर ओळख पटवलीच नाही, तशीच चौकशी उरकली. पहिलीच चूक, श्रोतेहो, आजीची! आजी तोवर गेली होती. मावशींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "आक्का तवाच म्हणालीवती की."

आता घड्याळ बघतोय, भराभर सांगतो. चुका असोत, गंमत अस्सल आहे. त्यात खुनाचा छडा लावणारा अँटनी गिलिंगहॅम साधा हौशी माणूस, सर्वज्ञ हेर नव्हे. मला सर्वज्ञ हेर सोसत नाहीत, सर्वज्ञ जावईही नाहीत. 1933 मध्ये मिल्नचीच 'फोर डेज वंडर' ही कादंबरी आली. तीत मावशीचं प्रेत दिसताच रहस्यकथा वाचून डोकं भरलेली पोरगी पळ काढते. ही कादंबरी तर कुणाला माहीतच नाही.

मिल्न 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातला लेखक. 'रेड हाउस'च्या वेळी रहस्यकथा लिहितो म्हणाला तेव्हा त्याचा एजंट हबकला. लोकांना विनोद हवाय, म्हणाला. पुस्तक चाललं. दोन वर्षांनी एजंट नि प्रकाशक दोघं मागं लागले, आणखी एक रहस्यकथा द्या. आणि हा बसला होता बालगीतं लिहीत.

नमस्कार.