सडा, रोपवन आणि पवनचक्क्या

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा जिल्ह्यात ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी आणि वनकुसवडे यांच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, त्याला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडच्या गुढे पाचगणीच्या पठारावर, तसेच ढालगाव आणि जत या बाजूंनाही त्या दिसतात. त्यामुळे पठारावरच्या एखाद्या गावात नव्या पवनचक्क्यांचा प्रस्ताव येतो, तेव्हा लोक त्याकडे अनुभवी डोळ्यांनी पाहतात. आज मी बोलणार आहे तो वाद थोडा वेगळा आहे. वनीकरणातून लावलेल्या झाडांच्या जमिनीवर, म्हणजे वनखाते ज्याला ‘रोपवन’ म्हणते त्या जमिनीवर, पवनचक्क्या उभारू द्याव्यात का, हा तो प्रश्न आहे.

अशा ग्रामसभेत पहिला आवाज उठतो तो झाडांच्या बाजूने, आणि तो खरा असतो. ज्या आयाबायांनी वनीकरणाच्या कामावर खड्डे काढले, डोक्यावरून पाणी नेऊन रोपे जगवली, त्यांना ती झाडे तोडण्याची गोष्ट सहन होणार नाही. मग कोणीतरी तोडगा सुचवतो की झाडे राहू द्यावीत आणि शेजारचा उघडा सडा, म्हणजे पठारावरची सपाट कातळाची जमीन, द्यावा, कारण तिथे कातळ आणि चार महिन्यांच्या गवताशिवाय काही नाही. हा तोडगा सर्वांना पटकन मान्य होतो. माझे सगळे म्हणणे या तोडग्याविरुद्ध आहे.

सडा उन्हाळ्यात काळा आणि उजाड दिसतो, आणि कागदोपत्री त्याची नोंद पडीक अशी होते. पण श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर, बोटभर मातीच्या थरात, सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवला आणि सोनकी फुलतात. यांतल्या कित्येक वनस्पती झाडांच्या सावलीत तग धरत नाहीत. त्यांना उघडे ऊन, उथळ माती आणि साचून हळूहळू झिरपणारे पाणी लागते. कासच्या पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो अशाच कातळामुळे. उलट अनेक जुन्या रोपवनांत गिरिपुष्प, निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ यांपैकी एखाद्याच जातीची रांग असते. ती झाडे गावाला सरपण देतात, सावली देतात, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु तोडलेले रोपवन पुन्हा लावता येते, आणि सुरुंग लावून फोडलेला कातळ पुन्हा घडवता येत नाही.

पवनचक्क्यांनी पठारावर काय होते, हे आपल्या जिल्ह्यातच तपासले गेले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि भक्षक घटल्यामुळे पंख्यासारखी गळपिशवी असलेल्या सरड्यांची संख्या वाढली. हे सरडे मात्र अंगाने बारीक होते आणि धोका जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. पात्यांनी आकाशात जो बदल केला, तो असा जमिनीवरच्या जिवापर्यंत उतरला.

आता वाऱ्याची बाजू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर यंत्राची कमाल मर्यादा येईपर्यंत, त्यातून मिळू शकणारी ऊर्जा आठपट होते. म्हणून कंपन्या घाटमाथ्याच्या कडेला पसंती देतात. आपल्याकडे जोराचा वारा जून ते ऑगस्टमध्ये असतो, तर साखर कारखान्यांची चिपाडापासूनची वीज ऊस गाळपाच्या हिवाळी हंगामात मिळते. या दोन्ही विजा एकमेकींच्या उणिवा भरून काढतात, आणि म्हणून मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पवनचक्क्या पाऊस पळवतात, असे माण-खटावच्या दुष्काळात लोक बोलत असत. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे, पण माण-खटाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत आणि पहिला मनोरा उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून होते.

पूर्वी मनोरे बुटके होते, त्यामुळे भोवती झाडे नसलेला उघडा सडाच त्यांना हवा असे. आजच्या मनोऱ्यांची उंची शंभर मीटरच्या पुढे जाते. दहा मीटरच्या झाडांचा अडथळा त्या उंचीवर तुलनेने कमी जाणवतो, आणि म्हणून सगळे रोपवन न तोडता केवळ पाया, पोच रस्ता आणि वीजवाहिनी यांपुरती जागा मोकळी करणे शक्य आहे. त्याहूनही आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. जुन्या, कमी क्षमतेच्या यंत्रांच्या जागी मोजकी मोठी यंत्रे बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. वनकुसवडेसारख्या पठारावर रस्ते, वाहिन्या आणि उपकेंद्रे तयार असताना नवी जमीन का मागितली जाते, याचे उत्तर प्रस्ताव आणणाऱ्याने द्यायला हवे.

रोपवन वनजमिनीवर असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची मंजुरी लागते आणि पर्यायी वनीकरण करावे लागते. प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील हे आधी तपासायला लावणाऱ्या २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत मात्र पवनऊर्जा प्रकल्प नाहीत, त्यामुळे त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी इथे होत नाही. गावाने मोकळेपणाने बोलावे अशी जागा मुख्यतः ग्रामसभाच उरते, आणि म्हणून तिथला ठराव घाईने होता कामा नये. चराईची वाट कुठून जाईल, पाणवठ्याकडे जाणारा ओहोळ पोच रस्त्याखाली दबणार का, रस्त्याची दुरुस्ती कोण करणार, यंत्राचे आयुष्य संपल्यावर मनोरा कोणाच्या खर्चाने उतरवला जाईल, हे सारे त्यात शब्दांत उतरले पाहिजे.

आणि एक गोष्ट मला फार जपावीशी वाटते. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात पर्यायी वनीकरणासाठी जागा शोधताना, कागदावर रिकामा दिसणारा तोच सडा पुन्हा पुढे येतो. तिथे खड्डे फोडून माती भरली आणि रोपे लावली, तर मनोऱ्यापासून वाचवलेला सडा झाडांखाली जाईल. म्हणून पर्यायी वनीकरण नेमके कोणत्या गटात होणार, हे गट नंबरासह ठरावात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी भाद्रपदातल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी गावातली जाणती माणसे आणि गुराखी मुले बरोबर घेऊन त्या गटावर स्वतः चालून या.

नमस्कार.