दोघांना वेगवेगळं विचारा

नमस्कार श्रोतेहो.

लढाईवरून परतलेला सैनिक आणि घरी त्याला सांभाळणारं माणूस, या दोघांच्या घराबद्दल आज बोलायचं आहे. त्या घरातल्या मारहाणीबद्दल आणि धाकाबद्दल.

युद्धाच्या आघातातून होणाऱ्या आजाराला 'पीटीएसडी' हे अधिकृत नाव १९८० मध्ये मिळालं. दचकणं, ओरडत उठणं, दाराकडे पाठ करून न बसणं, हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. हा आजार असलेले बहुतेक लोक घरात कुणावर हात उगारत नाहीत, हे आधीच सांगते. पण जिथे हात उगारला जातो, तिथे बायको म्हणते, "ते आजारी आहेत हो." आणि विषय तिथेच मिटतो.

रुग्णालयातल्या एका सिस्टरनी मला सांगितलेली हकीकत मी जिथे जाते तिथे सांगते. पाय जायबंदी झालेला एक माजी सैनिक तपासणीला यायचा, बायको कायम सोबत. फाईल तिच्या हातात, गोळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. आत जाताना दोघं, बाहेर येताना दोघं. तिला एकटीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

एकदा त्याला एक्स-रेला नेलं. सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. "ताई, तुमची झोप होते का?"

"होते की. चप्पल पायातच ठेवते, एवढंच."

"का हो?"

"रात्री दचकून उठतात, अंगावर येतात. मी हात लावत नाही. पायथ्याशी उभी राहून हाका मारते. भानावर आले की रडतात बिचारे."

"आणि जागेपणी? तेव्हा भीती वाटते त्यांची?"

तिने फाईलची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "पैसे मागितले की गळा धरतात. फोनही त्यांच्याकडेच असतो."

"त्यांचे जुने सोबती घरी आले की?"

"तेव्हा नाही. तेव्हा एकदम शांत असतात."

बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. झोपेत अंगावर येणं हा आजार होता. पण चारचौघांत आवरता येणारा हात दार लागल्यावर सुटत असेल, तर त्याचा दोष लढाईच्या माथी कसा मारायचा?

'सोडा त्याला' असं सिस्टर म्हणाल्या नाहीत. घर सोडतानाचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. त्यांनी घरात हत्यार आहे का विचारलं, कागदपत्रांच्या प्रती बहिणीकडे ठेवायला सांगितल्या आणि गोळ्यांच्या तक्त्यावर दुपारच्या गोळीपुढे मदतकेंद्राचा नंबर लिहिला. तो तक्ता नवरा कधीच वाचत नसे. पुढे ती बहिणीकडे राहायला गेली, त्याला सांभाळायला दुसरं माणूस ठेवलं आणि तोही उपचाराला जाऊ लागला.

रुग्णालयाच्या बाकांसमोरचे टीव्ही बंद करावेत, असं माझं फार जुनं मत आहे. त्या कलकलाटात मनातलं कोण बोलणार? थोडी शांतता मिळू द्या, माणसं आपणहून बोलतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. कुणी 'गळा धरला' म्हणालं, तर ते हलकं घेऊ नका. ज्या बाईचा गळा एकदा दाबला गेला, तिचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका सुमारे सात पट असतो, असं अमेरिकेतल्या संशोधनात २००८ मध्ये दिसलं. वर खूण नसली तरी डॉक्टरांना दाखवा. पुन्हा सांगते, खूण नसली तरी दाखवा.

आणि विचारायचं ते एकटीला. नवऱ्यासमोर विचारलंत, तर उत्तर 'सगळं छान आहे' हेच येणार, आणि घरी गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत तिला मोजावी लागेल.

उलटही घडतं. अंथरुणाला खिळलेल्या सैनिकालाही मार बसतो, त्याची काठी लपवली जाते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा यासाठी खास कार्यक्रम आहे, सोसणाऱ्यासाठी आणि हात उगारणाऱ्यासाठीही. म्हणून त्यालाही विचारा, सांभाळणारं माणूस खोलीबाहेर असताना: औषध वेळेवर मिळतं का, पेन्शन कुणाच्या हातात जाते, आणि या घरात कुणाची भीती वाटते का.