हंपीत पाणी कुठून यायचं?

नमस्कार मंडळी! हंपीला गेलं की विठ्ठल मंदिराचा दगडी रथ आणि विरूपाक्षाचं गोपुर सगळेच बघतात. आज ते दोन्ही बाजूला ठेवू आणि विजयनगरच्या पाण्यामागे जाऊ.

तुंगभद्रा शेजारून वाहते, पण राजवाड्याचा भाग नदीपासून लांब, चढावर. पाऊसही बेताचाच. मग नदीचं पाणी वर कसं न्यायचं? नदीत वरच्या अंगाला बंधारा घालायचा आणि पाणी पाटात वळवायचं. पाटाला नदीपेक्षा कमी उतार दिला, की जसजसं पुढे जावं तसतसा पाट नदीपेक्षा उंच राहतो. यातला तुर्तू पाट आजही वाहतो. हंपीतली केळी आणि भात त्यावरच भिजतात.

आता राजवाड्याच्या आवारात या. दगडी खांबांवर दगडात कोरलेल्या पन्हळी, एकीला एक जोडून, लांबच लांब ओळ. इथे खरी कसोटी उताराची. उतार कमी पडला तर गाळ बसून पन्हळ तुंबते. जास्त झाला तर पाण्याचा मार सांध्यांवर येतो आणि पाणी वाटेतच गळतं.

त्या पन्हळीच्या वाटेवरच ही पायऱ्यांची पुष्करणी. 1980च्या दशकातल्या उत्खननात ती मातीखालून वर आली. पाच टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर छोट्या पायऱ्यांचे त्रिकोण. आजूबाजूला सगळा ग्रॅनाइट, पण हिचा दगड मात्र काळपट शिस्ट. जरा जवळून बघा: चिऱ्यांवर खुणा आणि अक्षरं कोरलीत. कुठली बाजू, कितवा थर, त्यात कितवी जागा. म्हणजे दगड आधी घडवून घेतले आणि इथे नुसते खुणेबरहुकूम बसवले. माझ्या मते हंपीतलं सगळ्यात हुशार काम हेच, रथ नव्हे.

थोडं पुढे भोजनशाळा. अरुंद पाट आणि दोन्ही काठांवर दगडी ताटं, भाताला मोठा खळगा, तोंडी लावण्याला लहान वाट्या. ताटं जमिनीत पक्की, उचलायची सोय नाही. मग धुवायला पाणी ताटापाशीच यायला हवं!

सगळंच काही पहिल्या फटक्यात जमलं नाही. आजच्या होसपेटजवळ कृष्णदेवरायाने मोठा तलाव बांधायला घेतला. 1520च्या सुमारास आलेला पोर्तुगीज प्रवासी पेस लिहितो, 15 ते 20 हजार माणसं मुंग्यांसारखी राबत होती. तरी बांध दोन-तीनदा फुटला आणि शेवटी नरबळी दिले गेले, 60 माणसांचे. त्याच्यानंतर आलेला दुसरा पोर्तुगीज, न्यूनिझ, सांगतो की गोव्याहून एक पोर्तुगीज पाथरवट आला, त्याने चुना मागवला, तर राजा हसला. इकडे म्हणे बांधकामात चुना ठाऊकच नव्हता. हे काही पटत नाही. राणीचा हौद आणि कमळ महाल विटा-चुन्यातच उभे आहेत. दिवसभर दरीत टाकलेले दगड रात्रीत वाहून जात, हे मात्र पटतं. नुसत्या दगडांच्या फटींतून पाणी धावतं आणि मागची मातीही ओढून नेतं.

अखेर बांध टिकला. खालची जमीन शेतकऱ्यांना नऊ वर्षं बिनसाऱ्याने दिली आणि न्यूनिझच्या वेळेपर्यंत तिचं उत्पन्न 20,000 परदांवांवर (म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांवर) गेलं होतं.