फोर-वे व्हॉल्व्ह प्रेशर वाढवत नाही, मग आगीच्या हायड्रंटला लावतात कशाला?

नमस्कार मंडळी. ही माझी बागेची पाइप. टोकावर अंगठा दाबला की धार लांब जाते, बघा. काय झालं? पाणी कमी वाहायला लागलं, त्यामुळे पाइपमध्ये घासण्यात प्रेशर कमी गेलं आणि उरलेलं टोकापर्यंत पोचलं. झाडांना हे चालतं. आगीला प्रेशर हवं आणि पाणीही भरपूर हवं, तिथे अंगठा कामाचा नाही.

आता अमेरिकेत चला. पहिला बंब हायड्रंटपाशी, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या रस्त्यावरच्या नळापाशी, थांबतो, होज म्हणजे जाड पाइप जोडतो आणि ती मागे अंथरत आगीकडे जातो. समजा, 4 इंची होज, 150 मीटर, हायड्रंटला 65 पीएसआय (हे प्रेशरचं माप). मिनिटाला 500 गॅलन, म्हणजे साधारण 1900 लिटर, घेतले तर वाटेत 25 पीएसआय जातात. निभतं. आग भडकली, आता 1000 गॅलन हवेत. पाणी दुप्पट झालं की घर्षण चौपट होतं. म्हणजे 100 पीएसआय. खिशात 65 आणि भाडं 100!

मग हायड्रंटपाशीच दुसऱ्या बंबाचा पंप लावायचा. पण होज आधीच जोडलेली आहे, भरलेली आहे. ती सोडवायची तर हायड्रंट बंद करावा लागेल. तोवर आत धुरात नोझल धरून बसलेल्या जवानांना पहिल्या बंबाच्या टाकीचाच आधार. टाकी 500 गॅलनची धरा आणि मिनिटाला 250 खर्च. दोन मिनिटं, बस्स.

म्हणून पहिला बंब पुढे जाण्याआधीच हायड्रंटवर फोर-वे व्हॉल्व्ह बसवतात. चार तोंडं: एकातून हायड्रंटचं पाणी आत येतं, दुसऱ्यातून होजमध्ये जातं. उरलेली दोन रिकामी ठेवलेली, नंतर येणाऱ्या बंबासाठी. तो आला की एका तोंडातून पाणी पंपात घेतो आणि प्रेशर देऊन दुसऱ्यातून व्हॉल्व्हमध्ये परत ढकलतो. आत एक झडप आहे, हा खरा मजेचा भाग. पंपाकडचं प्रेशर हायड्रंटपेक्षा वाढलं की झडप आपोआप पलटते आणि हायड्रंटची थेट वाट बंद होते. आतल्या जवानाचं पाणी क्षणभरही तुटत नाही. पंप बंद पडलाच तर झडप पुन्हा उलटते, हायड्रंटचं पाणी चालू.

जोर पंपाचाच, व्हॉल्व्ह फक्त वाट बदलतो. आणि पंप पाणी तयार करत नाही हो! जमिनीखालच्या पाइपलाइनीत जेवढं आहे तेवढंच तो ओढणार. म्हणून ऑपरेटरचा डोळा आत येणाऱ्या पाण्याच्या गेजवर असतो, तिथे 20 पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचं नाही. व्हॉल्व्ह फिरवायचा तोही सावकाश, नाहीतर पाण्याचा दणका होज फोडतो.

आपल्याकडच्या टॉवरांत हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो. गेटजवळ लाल पाइपला झाकणं लावलेली तोंडं असतात ना, तो फायर ब्रिगेड इनलेट. इमारतीचा पंप बंद पडला तर बंब तिथून पाणी वर ढकलतो, आणि आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते मागे फिरू देत नाही. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रेशर (जवळपास 14 पीएसआय) जातं. 90 मीटरवर जायचं तर 9 किलो नुसते चढण्यातच गेले, नोझलचे वेगळे.

आमच्या सोसायटीचा इनलेट शूट करायला परवा खाली गेलो. पुढ्यात दोन स्कूटर उभ्या. त्या सरकवून झाकण उघडलं तर आत गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या. काढायला पक्कड लागली.