बरोबर वेळ कोणाची?

(दृश्य : मोबाइलचा पडदा. १०:०४ चे १०:०५ होतात.)

मोबाइलमधलं घड्याळ त्याच्या भरवशावर सोडलं, तर दिवसाकाठी सेकंदभर मागेपुढे सहज होईल. आतला क्वार्ट्झचा स्फटिक उन्हातान्हाने चाल बदलतो. म्हणून फोन आणि संगणक अधूनमधून दूरच्या सर्व्हरला विचारतात, किती वाजले?

गंमत अशी की उत्तर हाती येईपर्यंत ते शिळं झालेलं असतं. मग हिशेब होतो. प्रश्न इथून कधी निघाला, तिकडे कधी पोचला, उत्तर कधी निघालं, इथे कधी आलं, अशा चार नोंदी. जाण्यायेण्यात गेलेला वेळ काढायचा आणि त्याचा निम्मा सर्व्हरच्या वेळेत मिळवायचा. जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यायला, हे गृहीतच. ते नेहमी खरं नसतं, पण काम भागतं. अमेरिकेच्या डेव्हिड मिल्स यांची ही एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) पद्धत १९८५ पासून चालू आहे.

(दृश्य : प्रयोगशाळेतलं अणुघड्याळ.)

सर्व्हरला वेळ मिळते अणुघड्याळांकडून. सीझियम अणूच्या लहरींची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं झाली की एक सेकंद. भारताची वेळ राखते नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा.

पण अणुघड्याळांचंही आपसात तंतोतंत जुळत नाही. मग ऐंशीहून जास्त संस्था आपापले आकडे पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाला पाठवतात. तिथे साडेचारशेच्या आसपास घड्याळांची सरासरी निघते, पण सरसकट नाही. रोज ठरावीक मागे पडणारं घड्याळ चालतं. लहरी घड्याळाच्या शब्दाला वजन नाही.

निकाल दर महिन्याला ‘सर्क्युलर टी’ या पत्रकात येतो : गेल्या महिन्यात दिल्ली किती नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) पुढे होती, टोकियो किती मागे. म्हणजे जगाची प्रमाणवेळ या क्षणी अचूक दाखवणारं घड्याळ कुठेच नाही. प्रयोगशाळा अंदाजाने चालतात आणि पत्रक आलं की चाल किंचित सुधारतात.

एवढं करून पृथ्वी काही अणूच्या तालावर फिरत नाही. तिच्यासाठी १९७२ पासून २७ वेळा जादा सेकंद घालावा लागला. शेवटचा, १ जानेवारी २०१७ ला, भारतात पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंदांनी. २०१२ च्या अशाच सेकंदाने कित्येक संकेतस्थळं कोलमडली होती. अखेर २०२२ मध्ये देशांनी ठरवलं, २०३५ पर्यंत ही भानगड थांबवायची.