एका पुटाने भागत नाही

नमस्कार श्रोतेहो. चेहऱ्यावर तपकिरी ठिपके असणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, "सनस्क्रीन लावतेस का?" उत्तर ठरलेलं असतं, "हो डॉक्टर, रोज सकाळी लावते." मी विचारते, "आणि त्यानंतर?" त्यानंतर काही नाही. सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत काम झालं, असा सगळ्यांचा समज.

तर सुरुवातीलाच सांगून ठेवते. उघड्या उन्हात सनस्क्रीन दोन तास टिकतं. दोन तास. घाम पुसलात, पोहलात, तोंड धुतलंत, तर तेवढंही नाही.

हे ठिपके म्हणजे वांग नव्हे. वांगाचे चट्टे मोठे असतात, गालांवर पसरतात, बऱ्याच जणींना बाळंतपणाच्या सुमारास येतात. मी बोलतेय ते मुगाच्या डाळीहूनही बारीक ठिपक्यांबद्दल. नाकावर, गालांवर, दंडांवर, मूल चार-पाच वर्षांचं झालं की दिसू लागतात. गोरा रंग, घारे डोळे, पिंगट केस असलेल्या घरांत जास्त, कारण ते रक्तातूनच येतं. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशी काही जास्त नसतात. पेशी तेवढ्याच, पण ऊन लागलं की त्या ठिपक्याठिपक्यांनी जास्त रंग करतात. म्हणून मे महिन्यात ठिपके गडद, आणि श्रावणात फिके. हा रोग नाही, हेही ठासून सांगते. मुलगी बघायला आलेल्या माणसांनी "चेहऱ्यावर डाग आहेत" असं म्हटल्याचं ऐकते, तेव्हा फार वाईट वाटतं. आईच्या, आजीच्या चेहऱ्यावरून जे आलं, त्याला डाग काय म्हणायचं?

माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर असे ठिपके आहेत. आत्या गुहागरजवळ राहते. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, आत्या तेव्हा पन्नाशीची. गणपतीत गेले होते तेव्हा मी तिला सनस्क्रीनची एक नळी दिली, एसपीएफ ५० ची, म्हणजे भाजणारं ऊन अडवण्याचा आकडा ५०, आणि म्हटलं, उन्हात जाताना लाव. मे महिन्यात पुन्हा गेले, तर तिचे ठिपके अगदी कॉफीच्या पुडीसारखे उठून दिसत होते. आणि मला बघताच म्हणाली, "अगो, तुझ्या त्या औषधाने काही होत नाही हो. मी रोज लावत्ये." आणि आतून नळी आणून दाखवली. नळी अर्धी भरलेली! ५० ग्रॅमची नळी, आणि आठ महिन्यांत अर्धी.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन ओटीवर बसले. आमसुलांचे दिवस होते. सातला अंघोळ झाल्यावर आत्याने बोटाच्या पेराएवढं क्रीम घेतलं, सगळ्या तोंडाला चोळलं, आणि आठच्या आत खळ्यात गेली. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं पसरली होती. ती उलथायची, आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, बुडवायची, पुन्हा पसरायची. मध्येच विहिरीवर जायचं, मध्येच कावळे हाकलायचे. आत्याने पदराने तोंड पुसलं की मी वहीत एक रेघ ओढायची.

साडेबाराला ती जेवायला आत आली तेव्हा माझ्या वहीत १९ रेघा होत्या. एकोणीस वेळा तोंड पुसलेलं! सातचं क्रीम त्यातल्या कितव्या रेघेला पदरात गेलं असेल, तुम्हीच सांगा.

मी तिला वही दाखवली. ती गप्प बसली. मग मी समजावायला लागले. एसपीएफ ५० म्हणजे पन्नास तास नव्हेत, पन्नास मिनिटंही नव्हेत. तो आकडा काढतात तेव्हा कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि गळा मिळून तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम हवं. पेरभर लावलं तर ५० चा आकडा नळीवरच राहतो, तोंडावर येत नाही. आणि दोन तासांनी पुन्हा. असं माझं चाललं होतं.

आत्या मध्येच म्हणाली, "म्हणजे आमसुलासारखंच की. एका पुटाने कधी आमसूल होतं काय?"

श्रोतेहो, ज्यांच्या घरी आमसुलं होतात त्यांना हे सांगायला नको. रातांब्याचं साल एकदा वाळवून भागत नाही. आगळात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. पुटावर पुट द्यायचं, तेव्हा कुठे तो काळाभोर रंग आणि ती चव येते. मी इतकी वर्षं रुग्णांना समजावतेय, पण मला ही उपमा सुचली नव्हती. त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगते: एका पुटाने भागत नाही.

आत्याने घड्याळही लावून घेतलं नाही. सालं उलथायची वेळ झाली की आधी हात धुवायचे, तोंड टिपून घ्यायचं, क्रीम लावायचं, मग सालांना हात लावायचा. आपोआप दोन तास होत. टिपायचं म्हणतेय बरं का, पुसायचं नाही. पुसलं की निघतं.

आणि तिने आणखी एक गोष्ट केली, ती मला क्रीमपेक्षाही मोलाची वाटते. तिचं अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या सावलीवर लक्ष असायचंच. गुहागरला मेच्या १० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास वृंदावनाची सावली पायाशी नाहीशीच होते. तिने ठरवलं, सावली वृंदावनाहून आखूड झाली की आपण ओटीवर. पुन्हा सावली लांबली की खळ्यात. कुठलंही यंत्र नको, अतिनील किरणांचा आकडा नको. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड, म्हणजे ऊन कडक. एवढं लहान मुलालाही कळतं. मग शाळांना का कळत नाही, हा माझा जुना राग आहे. भर बाराच्या उन्हात मुलांना मैदानावर कवायतीला उभं करतात. आणि आता मैदानाकडेला झाडही राहिलेलं नाही. रस्ते रुंद झाले, कडेचे वड गेले, आणि आम्ही सावली नळीतून विकत घेतोय. वडाखाली उभं राहायला दोन-दोन तासांचा हिशेब लागत नव्हता.

असो. थोडं घरात बसणाऱ्यांसाठी. खिडकीपासून लांब बसून काम करत असाल तर दर दोन तासांनी लावायची गरज नाही, सकाळचं बराच वेळ राहतं. पण गाडी चालवणाऱ्यांनी आणि खिडकीशी बसणाऱ्यांनी गाफील राहू नये. काच कातडी भाजणारे किरण अडवते, ठिपके गडद करणारे दुसरे किरण मात्र बरेचसे आत येतात. हे दुसरे किरण किती अडतात ते नळीवरच्या 'पीए' या अक्षरांपुढे कळतं; तिथली अधिकची चिन्हं बघा, तीन किंवा चार असावीत. ढगाळ दिवशीही लावा. दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट मला फार आवडतो, घट्ट विणीचं कापड पुसलं तरी निघत नाही. आणि ठिपके जावेत म्हणून लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्याने भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून गोरेपणाची मलमं आणू नका. त्यांत स्टिरॉइड असलं तर कातडी पातळ होते, आणि मग ती सावरायला आमच्याकडे महिने जातात.

नळीचा हिशेब सांगते, लक्षात ठेवा. दोन बोटं म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलंत तर ५० ग्रॅमची नळी तीन-साडेतीन आठवड्यांत संपते. वर्षभर पुरली, तर तुम्ही ती लावलीच नाहीत. नळी गाडीत तापत ठेवू नका, आणि मागची तारीख वाचा. जुनी नळी टाकून द्यायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे, पण टाका.

आत्याचे ठिपके गेले का, असं मला नेहमी विचारतात. गेले नाहीत. ते तिचेच आहेत, जाणार नाहीत. पण पुढच्या मे महिन्यात कॉफीच्या पुडीसारखे दिसत नव्हते, श्रावणात असतात तेवढेच फिके होते. आता दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या आधी तिचा फोन येतो, "अगो, रातांबे लागलेत हो. येताना तीन नळ्या आण." पूर्वी एक नेत होते. नमस्कार.