लोखंडातली चीर आणि पोटातलं बाळ

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, अंबड एमआयडीसीत वेल्डिंग तपासतो. प्रेशर व्हेसल, पाइप, क्रेनचे हुक, वरून एकदम चकाचक दिसतं पण आत चीर आहे का ते बघायचं, आमच्यात त्याला यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, म्हणतात. तरी सोनोग्राफीवर बोलायला मी उभा राहिलोय कारण ती आमच्याच शॉपफ्लोअरवरून दवाखान्यात गेली, आणि हे लोकांना माहीतच नसतं.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. माझा प्रोब, म्हणजे आवाज आत सोडणारा आणि परत ऐकणारा हातात धरायचा तुकडा, 4 मेगाहर्ट्झचा आहे म्हणजे सेकंदाला 40 लाख कंपनं, आणि पोटाची सोनोग्राफी करतात तो प्रोबही याच रेंजमधला. आतल्या क्रिस्टलला व्होल्टेज दिलं की तो थरथरतो आणि थरथर परत आली की तोच व्होल्टेज देतो, हे क्युरी बंधूंनी 1880-81 मधेच दाखवलं होतं. बाकी सगळा हिशोब आवाज चिरेवर आपटून परत यायच्या वेळेचा. स्टीलमधे आवाज सेकंदाला 5900 मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे 20 मिलिमीटर खोल चीर असली तर जाऊन परत यायला 7 मायक्रोसेकंदही लागत नाहीत. शरीरात वेग 1540 धरतात, इतकाच फरक.

ग्लासगोला इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. 1955 मधे ते ऑपरेशनमधे काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले, तिथल्या वेल्डिंग तपासायच्या मशीनवर त्या धरल्या, आणि पाण्याने भरलेली गाठ नि भरीव गाठ यांचे एको चक्क वेगळे आले! 1958 मधे त्यांचा पेपर छापून आला. त्यात एक बाई आहे, पोटाचा कॅन्सर म्हणून आशा सोडलेली, मशीनने दाखवलं की ती अंडाशयातली पाण्याची गाठ आहे, ती काढली आणि बाई बरी झाली. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तसलंच मशीन मी रोज खांद्याला अडकवून हिंडतो.

आता जेलचं सांगतो. प्रोब आणि कातडीमधे केसाएवढी हवा राहिली तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो, आत काही जातच नाही. म्हणून ते गार चिकट जेल. आम्ही तेल, ग्रीस नाहीतर खळ लावतो. कसारा घाटात रेल्वेची माणसं रुळावरून ट्रॉली ढकलत चालतात, ती प्रोबखाली पाणी सोडत जाते, कारण तेच. थंडीत रूळ आखडून तडकतात, ती चीर आधी सापडावी म्हणून हा खटाटोप. आणि तुम्हाला पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात तेव्हा चिडू नका, भरलेली पिशवी गॅसवाली आतडी बाजूला सारते आणि आवाजाला रस्ता मिळतो. रिपोर्टमधे गॅसमुळे नीट दिसलं नाही असं लिहिलं असेल तर डॉक्टरने टाळाटाळ केली असं समजू नका, खरंच दिसत नाही हो.

मोतीबिंदूची फेको म्हणजे पण हेच, सुईचं टोक सेकंदाला हजारो वेळा हलून भिंग फोडतं, डॉ. केलमन यांनी 1967 मधे आणली. दातांचं क्लिनिंग, सराफ बाजारात दागिने धुवायची टाकी, गाडीचा पार्किंग सेन्सर, सगळी एकाच घरातली.

एक गोष्ट मात्र मला आतून खुपते. आपल्या महाराष्ट्राला 1988 मधे देशात सगळ्यात आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, केंद्राचा 1994 मधे आला. आजारी बाईला वाचवायला जे मशीन दवाखान्यात गेलं तेच पोरी मारायला वापरलं गेलं, आणि ते शिकल्यासवरल्या घरांतून. सेंटरमधे ती पाटी दिसली, फॉर्म भरून घेतला, तर कटकट म्हणू नका. आणि कोणी हळूच "काय आहे" विचारत असेल तर तिथल्या तिथे गप्प करा, नातेवाईक असला तरी.

बाहेर टेबलावर मशीन ठेवलंय, शेजारी मुद्दाम चीर पाडलेली पट्टी आहे, तेल लावून प्रोब स्वतः फिरवून बघा, मुलांना आधी द्या.